सरांची प्रथिनपरीक्षा

मांडवीला आमच्या शेजारी राहणारे सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. माणसातलं एक जनुक मेंदूचे निरोप पोचवणारं प्रथिन बनवतं, असं वाचल्यापासून त्यांनी मुलीसाठी पत्रिका बघणं सोडलं. स्थळ आलं, की पोहे-पाणी माझ्याकडे असे. सर मुलाच्या वडिलांच्या मागे जाऊन तांब्या आपटत. दचकायला उशीर झाला, की घराण्यात प्रथिन कमी म्हणून नकार.

पावस गावचा मुलगा मुलीच्या मनात भरला होता. सरांनी तांब्या आपटला. त्याचे वडील शांतपणे पोहे खात राहिले. मुलीने पदर मुठीत धरला.

"ऐकू नाही आलं?" सरांनी विचारलं.

"आलं की. माडाखाली घर आमचं, दिवसभर नारळ पडतात. दचकत बसलो, तर जेवू कधी?"

सर तांब्या आत ठेवून आले. मग मुलीला म्हणाले, "बायो, व्याह्यांना पोहे वाढ."