श्रीलंकेवरून भांडणारे आमचे नाना

श्रीलंकेवरून आमची भावकी फुटणार होती.

हसू नका. खरंच फुटणार होती. शिंदखेड्याजवळच्या आमच्या एवढ्याशा गावात.

ती फुटू न देणारे नाना काल गेले.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. शेताला शेत, ओट्याला ओटा, आणि पक्ष मात्र एकदम उलटे. आबा तेव्हाच्या सत्तेतल्या पक्षाचे, नाना कट्टर विरोधातले. दोघांचा सकाळचा चहा भांडणाशिवाय खाली उतरत नसे.

तेव्हा आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. माझा मोठा भाऊ विलासदादा तिच्यात. मी शाळेत होते.

आबा म्हणायचे, सुरू केलंय ते पुरं करा, अर्ध्यातून परत याल तर जग हसेल.
नाना म्हणायचे, दुसऱ्याच्या घरचं भांडण, आपली पोरं कशाला? परत बोलवा.

गंमत बघा. ज्याचा पोरगा तिकडे, तो म्हणतो लढू द्या. ज्याचा नाही, तो म्हणतो आणा परत.

आणि आई? आईला कोणी विचारलंच नाही. ती फक्त पोस्टमन दिसला की उभी राहायची.

मग शिंदखेड्याला नानांच्या पक्षाची सभा झाली. दादाची खुशाली येऊन बरेच दिवस झाले होते. नाना माइकवर चढले आणि जोशात बोलून गेले, "आमचा विलास परक्या देशात कुणासाठी मरतोय?"

झालं! सभेची माणसं एसटीने गावोगाव परतली आणि बातमी काय पसरली? विलास गेला.

संध्याकाळी बायका पदर डोळ्याला लावून आमच्या दारात. एकीने तर हंबरडाच फोडला. आई ओट्यावरच कोसळली. मी तिच्या तोंडावर पाणी मारत होते आणि आबा सगळ्यांवर ओरडत होते, "जित्ता शे मना पोऱ्या! जित्ता शे!"

खरं तर तो जिवंत आहे की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी कानबाई बसायची होती.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते. कानबाई म्हणजे आमची देवी, आणि तिला घरात बसवायचा हा आमचा भावकीचा सण. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे (बायकांची नावं कोण घेतं म्हणा!), त्याचे रोट करायचे आणि सगळ्या भावकीनं एकत्र बसून खायचे. आमची कानबाई नानांच्या घरी बसायची.

आबांनी जाहीर केलं, यंदापासून आमची कानबाई वेगळी.

एकदा कानबाई वेगळी झाली की लग्नं वेगळी, मयती वेगळ्या, पुढच्या पोरांनी एकमेकांना ओळखसुद्धा द्यायची नाही. आणि दादा परत आलाच, तर तो कुठल्या घरी जेवायला बसणार?

गहू घ्यायच्या दिवशी नाना आमच्या ओट्याखाली येऊन उभे राहिले. वर चढले नाहीत. टोपी काढून हातात धरलेली. आबांनी तोंड फिरवलं.

नाना आईला म्हणाले, "विलासनी माय, मना शब्द चुकना." मग आबांकडे बघून, "मत नही चुकनं हां! फौज परत येवालेच पाहिजे."

बघा माणूस! माफी मागतानाही एक इंच सरकायला तयार नाही.

पुढे म्हणाले, "पण विलासना नावनी मूठ पहिली. मनी शेवटली."

भावकीतल्या सगळ्यात थोरल्याची मूठ पहिली, असा आमच्याकडे रिवाज. नाना सगळ्यात थोरले. अख्ख्या भावकीसमोर ते स्वतःला शेवटी बसवत होते.

उत्तर आईनं दिलं. सुपात गहू घेतले आणि म्हणाली, "मना पोऱ्यानी मूठ मीच देसू." आणि निघाली तरातरा नानांच्या घराकडे.

तिच्यामागे मी. माझ्यामागे आबा, आणि ते नानांशी भांडतच येत होते.

पुढे सरकार बदललं. फौज परत आली आणि विलासदादाही आला, धडधाकट. दोघांनी त्याला मध्ये बसवून विचारलं, सांग, कोण बरोबर? दादा म्हणाला, "आधी जेवायला वाढा."

नानांनी गावभर पेढे वाटले. आबा म्हणाले, "पोरगा आला म्हणून खातो, फौज आली म्हणून नाही." आणि दोन खाल्ले.

तेव्हापासून कालपर्यंत दोघांपैकी एकानंही मत बदललं नाही. आता भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमची पोरं जगातल्या नव्या लढायांवरून भांडतात. कोणी लेफ्ट झालं की नानांचा फोन जायचा, "पोट भरनं का भांडीसन? आते परत ये." म्हणजे, भांडून पोट भरलं ना, आता परत ये. आणि पोरं यायची हो.

काल पिंप्राळ्याच्या आमच्या घरून आम्ही गावी पोचलो तेव्हा आबा नानांच्या उशाशी बसले होते. पंचाऐंशीचे आहेत. कानात यंत्र, हातात काठी. रडत नव्हते. भांडत होते.

"नाना, मी आजबी सांगस. फौज परत बलावाले नको व्हती. बोल ना आते! चूप का शे?"

विलासदादानं त्यांचा खांदा धरला, त्यांनी झटकला.

तेवढ्यात नानांची लेक सुमनअक्का, जन्मात कधी राजकारणावर अवाक्षर न काढलेली, रडता रडता म्हणाली, "बलावालेच पाहिजे व्हती, काका."

आबांनी मान वर केली. तिच्याकडे बघत राहिले आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

मग डोळे पुसून, शेजारची जागा हातानं थोपटून म्हणाले,
"बस आठे. सांग, का बरं?"

नाना, तुम्हाला मनापासून श्रद्धांजली. निवांत जा. तुमची बाजू मांडायला अक्का बसली आहे.