पुसलेलं तोंड

आंजी गावच्या पोरींना कॅमेरे देऊन गावाचे फोटो काढायला शिकवणं, हे पौर्णिमाचं संशोधनातलं काम. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, हे ती त्यांच्या कानीकपाळी ओरडायची.

त्यांच्यातल्या रक्षानं आईचा फोटो काढला. ओळख उघड होऊ नये म्हणून पौर्णिमानं चेहरा धूसर केला अन् तो शाळेतल्या प्रदर्शनात लावला.

रक्षाची आई, देवकाबाई, फोटोपुढं थबकली.

"मायं तोंड काऊन पुसलं वो बाई? म्या का चोरी केली?"

"तुमच्याच भल्यासाठी, काकू. नियम हाय तसा."

"पोरीनं इचारलं, तवा म्या कापूस वेचून आली, तोंड धुतलं, मंग फोटोले बसली. पुसतानी मले कोणं इचारलं?"

पौर्णिमानं मान वर केली. सगळ्या पोरी तिच्याकडंच पाहत होत्या.