आखरावरचा उन्हाळी पोळा

शाळेच्या वर्गात रविवारी कार्यशाळा भरायची आणि कुलूप उघडायला मला जावं लागायचं. गावात शिक्षक आम्ही दोघंच, त्यात दुसरे सर आर्वीहून येतात. घरकुलाच्या त्या सगळ्या बैठका मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्या, त्या काही हौसेनं नाही. किल्ली माझ्याकडे होती.

आमचं गाव तळेगाव आणि आष्टीच्या मधलं, लहान. सहा कुटुंबांना घरकुल मंजूर झालं होतं, पण बांधायला जागा नव्हती. पंचायतीकडे मोकळी जागा एकच, आखर. सकाळी चरायला निघण्याआधी गावाची गुरं जिथे जमतात, ते हे मैदान. पोळाही तिथेच भरतो. अर्धं गाव म्हणायचं घरं होऊ द्या, अर्धं विचारायचं मग पोळा कुठे भरवता. उन्हाळा संपेपर्यंत जागा दाखवली नाही तर घरकुलं परत जाणार होती.

त्या सहांत आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई होती. बौद्ध वस्तीत दिराच्या घरामागे टिनाच्या खोलीत ती मुलीला घेऊन राहायची. दिराच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि खोली आता त्याला लागणार होती. तांदूळ निवडता निवडता ती त्याबद्दल एकदाच बोलली. "मॅडम, जागा नाई भेटली त पोरीले घेऊन जाम गावाले जाईन. तिथं हायवेवरच्या हाटेलात काम भेटते." मुलगी माझ्याच वर्गात, चौथीत. न अडखळता वाचणारी वर्गात ती एकटीच. ती जायला नको, असं मला फार वाटायचं.

आणि विरोध करणाऱ्यांचे पुढारी होते आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे. मामाजी जातीचं नाव कधी काढत नसत, पोळ्याचं काढत. तेवढ्यानं काम भागायचं.

या वादातून वाट काढायला, गावकऱ्यांची कार्यशाळा घ्यायला वर्ध्याहून एका संस्थेची मुलगी यायची. सगळ्यांनी जमिनीवर गोल बसायचं, कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही, हा तिचा पहिला नियम. मामाजींचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून गोलात एक खुर्ची ठेवावी लागे आणि गोलाचा आपोआप दरबार होई. तिसऱ्या रविवारी तिनं फरशीवर रांगोळीनं आखर काढलं, मधे टोपलीभर सरकी ठेवली आणि म्हणाली, पोळ्याला बैलजोड्या कुठे कुठे उभ्या राहतात ते दाखवा. मामाजींनी खुर्चीतूनच वाकून एकेक मूठ सरकी टाकली. आखर पांढरंशुभ्र भरलं.

खिचडीवाली बाई दाराशी बसली होती. म्हणाली, "काकाजी, एवढ्या जोड्या गावात कुठं राह्यल्या आता?"

"तू पाह्यला का कधी पोया?"

"पाह्यला ना, दरसाल. वस्तीच्या तोंडाशी उभं राहून."

मामाजी उठले. "सरकीनं काय होते? येत्या रविवारी जोड्याच उभ्या करतो आखरावर. मंग सांगजा मले, कुठं घरं बांधता त."

संस्थेच्या मुलीची पुढची कार्यशाळा 'गरज आणि मागणी' या विषयावर ठरली होती. ती तिनं शहाणपणानं गुंडाळून ठेवली.

तर भर उन्हाळ्यात पोळा भरला. बैल सकाळीच आले. नुसतं उभं करून पाहायचं होतं, पण बैल आखरावर निघालेत म्हटल्यावर बायकांचा जीव राहीना. कुणी झूल चढवली, कुणी शिंगांना तेल लावलं, एक जण तर ओवाळायचं ताट घेऊन आली आणि सगळे पाहताहेत म्हणून लाजून परत गेली. मामाजींनी शेजारच्या गावातून दोन जोड्या मागून आणल्या होत्या. मला ते माहीत होतं, रात्री त्यांना कडबा मीच घातला होता. मी बोलले नाही. बोलायची गरजही पडली नाही.

आखराच्या एका टोकाला कडुनिंब आहे, तिथून मामाजींनी रांगा लावायला घेतल्या. रांगा लवकरच संपल्या. मग त्यांनी जोड्या जरा लांब लांब उभ्या करवल्या. पुन्हा पाहिलं. अर्धं आखरसुद्धा भरलं नव्हतं. ज्यांच्याकडे आता ट्रॅक्टर आहेत ते कडेला हात बांधून उभे होते. मामाजी चालत रिकाम्या बाजूला गेले आणि तिथे पाठमोरे उभे राहिले.

"मले वाटलं भरन," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. एरवी मला त्यांचा राग यायचा, त्या दिवशी आला नाही. वाईट वाटलं. खिचडीवाली बाई हापशीवरून बादली भरून घेऊन आली आणि मामाजींच्या जोडीपुढे ठेवून बाजूला झाली. बैल पाणी प्यायले. मामाजी पाहत होते.

मग त्यांनी मला शाळेतली फक्की आणायला सांगितली, कबड्डीचं मैदान आखायची. रेघ त्यांनी स्वतःच ओढली, पण शेवटच्या रांगेला लागून नाही, पुढे अजून दोन रांगा मावतील एवढी जागा सोडून. "जोड्या वाढल्या त?" ते म्हणाले. त्यावर कुणी वाद घातला नाही. रेघेपलीकडे घरं, अलीकडे पोळा, असं ठरलं. संस्थेच्या मुलीनं सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मला ते जरा अतीच वाटलं.

पेरणीच्या तोंडावर मामाजींचा एक बैल मेला. दुसरा माझ्या नवऱ्यानं विकला आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली.

पोळ्याच्या दिवशी मामाजी धुतलेलं धोतर नेसून आखरावर गेले. मी मागोमाग होते. तिथे माणूस उभा राहतो तो आपल्या जोडीजवळ. मामाजी रांगेच्या टोकाला गेले, परत फिरले आणि जिथे फक्की ओढली होती तिथे येऊन थांबले. रेघ पावसानं केव्हाच धुऊन नेली होती. पलीकडे सहा घरांची जोती उठली होती, भिंती अजून नव्हत्या. खिचडीवाली बाई मुलीला घेऊन आपल्या जोत्यावर बसली होती.

"काकाजी, इकडं या," ती म्हणाली. "इथून पोया साजरा दिसते."

जोतं खुर्चीपेक्षा बरंच खाली होतं. मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ती उठली आणि तिनं हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि खाली बसले.