अगरबत्तीने जाळलेलं ऊन

बदनापूरच्या शेती केंद्रावर तातेरावांनी बावीस वर्षं ऊन मोजलं. उघड्यावर काचेचा एक गोळा होता. त्यातून पडणाऱ्या उन्हानं मागची पुठ्ठ्याची पट्टी जळत जायची. ऊन कडक असेल तर रेघ जाड, मंद असेल तर बारीक. सूर्य मावळला की पट्टी बदलायची, तारीख घालायची. मी तिथंच कारकून. 'उन्हाचे तलाठी' म्हणून मी त्यांना चिडवायचो आणि ते उलट खूश व्हायचे.

त्यांची एकुलती लेक कौसल्या कोकणात खाडीकाठी दिलेली. लग्नात पाणी लांब होतं. पुढं दर उधाणाला ते अंगणात यायला लागलं, विहीर खारट झाली.

२००१ साली पुण्याहून सत्यशीलाबाई नावाच्या संशोधक आल्या. म्हणाल्या, ९१ला परदेशात मोठा ज्वालामुखी फुटला, त्याचा धुरळा वर पसरून वर्षभर ऊन मंदावलं. तसाच धुरळा मुद्दाम सोडला तर ध्रुवावरचं बर्फ कमी वितळेल, समुद्राचं चढणं मंदावेल, असं काही शास्त्रज्ञांच्या मनात आहे. पण त्यात धोकेही आहेत, म्हणून आधी त्या वेळी ऊन कुठं किती घटलं ते नीट पाहायचंय. ९२च्या पट्ट्या आहेत का?

तातेरावांनी लगेच ऑफिसातून लेकीला फोन लावला. "कौसे, समुद्राला आवरायचा इलाज निघून राह्यलाय. माझ्या पट्ट्या लागणार हायेत त्याला. घर सोडायची घाई करू नको." पट्ट्यांनी समुद्र थांबत नसतो, हे मला कळत होतं. तरी मी गप्प बसलो, याचा अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मे महिन्याचा गठ्ठा सोडला. सगळ्या रेघा बारीक, मधल्या नऊच जाड आणि सारख्या. "हे नऊ दिवस ऊन एवढं कडक कसं?"

तातेरावांनी पट्ट्यांवरच्या तारखा पाहिल्या. कौसल्याच्या लग्नाचे ते दिवस. रजा मिळाली नव्हती, तरी ते गेले होते. परत आल्यावर नऊ पट्ट्या अगरबत्तीनं, दरवर्षीच्या मे महिन्यासारख्या जाड जाळून गठ्ठ्यात घातल्या. आमच्याकडे चुकलेली नोंद अशीच भरतात. मीही भरलीय.

मी हळूच म्हणालो, "आभाळ साफ होतं म्हणा, संपलं."

"न्हाई बाई," तातेराव म्हणाले, "ह्या रेघा मी काढल्यात. लेकीचं लग्न होतं."

बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. "बाकीच्या खऱ्या असतील," त्या म्हणाल्या, "पण आता तुमची एकही पट्टी मला वापरता येणार नाही." गठ्ठा बांधून टेबलावर ठेवला आणि त्या दुपारच्या गाडीनं गेल्या.

लेकीला हे कसं सांगायचं, या विचारात तातेरावांनी आठ दिवस घालवले. मग मीच नंबर लावून दिला. ते एका दमात बोलले, "कौसे, इलाज-बिलाज काही न्हाई. माझंच चुकलं. जल्दी घर सोड."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "परवाच्या उधाणात मागची भिंत पडली, बाबा. सासूबाई आत होत्या. हे कवाचे निघू म्हणत होते, मीच थांबवलं. म्हणलं, माझ्या बाबांना ठावं हाय."

तातेरावांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेले. ती "बाबा, बाबा" करत होती.