टोकाला बांधायचं फडकं

आमच्या रिह्याच्या खोऱ्यात गाडीत बांबू भरायची रीत ठरलेली आहे. बूड पुढे, शेंडा मागे. बुडाचं वजन केबिनकडे राहतं आणि शेंडे हौद्यातून मागे पाच-सहा फूट लोंबत राहतात. खरं म्हणजे माल हौद्याबाहेर निघायलाच नको. लांब गाडी करावी, नाहीतर बांबू तोडून भरावेत. लायसन्स काढताना हे मला सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं!

बाहेर निघालाच तर अगदी टोकाला लाल फडकं, हे शेंबडं पोरही सांगेल. माझा थोरला भाऊ ते काम फार मनापासून करायचा. एकेक शेंडा हाताने चाचपायचा आणि सगळ्यांत लांब निघालेल्याला फडकं बांधायचा. मी चिडवायचो, "दादा, फडकं बांधतुयास का बाशिंग?" तो हसायचा, पण गाठ दोनदा ओढून बघायचा.

त्या सकाळी मुठ्याला एका फार्महाउसवर कुंपणाचे बांबू पोचवायचे होते. दादा मोटारसायकल आणायला घरी गेला होता, माल उतरवायला तो मागून येणार होता. मला निघायची घाई. शेंडे पार खाली वाकलेले, ओल्या पानांनी भरलेले. त्यांच्यात शिरायचा मला कंटाळा आला. हौद्याच्या मागच्या दाराजवळ, फाळक्यापाशी हात पोचला तिथेच मी फडकं बांधलं आणि गाडी काढली.

उतारावर म्हैस आडवी आली. मी करकचून ब्रेक दाबला. मागे काहीतरी आपटलं. उतरून पाहिलं तर मोटारसायकल आडवी पडलेली आणि दादा डाव्या डोळ्यावर हात दाबून रस्त्यातच बसलेला. त्याच्या डोक्यावर हिरवे शेंडे अजून हलत होते. दुतर्फा झाडीही तशीच हिरवी होती.

दवाखान्यात हवालदार आले. "फडकं होतं का? कुठं बांधलेलं?" चोराच्या मनात चांदणं, मी फरशीकडे बघत राहिलो. डोळ्यावर पट्टी बांधलेला दादाच बोलला, "हुतं की सायेब. टोकाला हुतं. माजंच ध्यान न्हवतं."

बिचाऱ्याला कळलंच नाही, असं मला वाटलं. आणि सांगायची लाज वाटते, पण मला आधी सुटल्यासारखं वाटलं. डोळा गेला तो गेलाच. मी गप्प बसलो ते चार वर्षं.

आता मी लांब गाडी करतो. बांबू सगळे हौद्यात मावतात, फडक्याची गरजच पडत नाही. तरी दादा येतो आणि शेंडे चाचपतो. एका डोळ्याने त्याला अंतर नीट कळत नाही. हात आधी हवेतच फिरतो, मग शेंडा सापडतो. परवा ते बघवेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"दादा, त्या दिशी फडकं टोकाला न्हवतं. म्या कंटाळा केला."

त्याने हातातला शेंडा सोडला नाही.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "तुज्या मागं मीच हुतो की. फडकं दिसलं, म्हनलं माल तितंच संपला."