पाणवठ्याच्या वाटेचा खटला

भोरच्या कोर्टात मी पहिल्यांदा गेले ती भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. साक्ष द्यायचं तर माझ्या मनातसुद्धा नव्हतं.

स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट, भोर तेव्हा राजेसाहेबांचं संस्थान होतं. मी सोळा वर्षांची, लग्नाला वर्षही पुरं झालं नव्हतं... आता फोनवर बोललं की अक्षरं आपोआप उमटतात, म्हणून या वयात हे लिहिणं जमतंय.

माझं सासर मार्गासनीजवळच्या एका वाडीत. पाणी डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याचं, आणि तिकडे जायची वाट एका शेताच्या बांधावरून. माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते शेत बाहेरच्या एका माणसानं विकत घेतलं आणि वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या.

मग ओढ्याच्या अंगानं मोठा वळसा पडायला लागला. शेजारची एक गरोदर बाई तिथं हंड्यासकट घसरली. ती वाचली, बाळही वाचलं... पण माझ्या सासूबाईंनी त्याच दिवशी ठरवलं, कोर्टात जायचं.

तारखेला आम्ही नसरापूरपर्यंत चालत आणि पुढे सर्व्हिस मोटारीनं भोरला गेलो. आमचे वकील भोरचेच, शांत गृहस्थ. कोर्टाबाहेर झाडाखाली सासूबाईंनी त्यांना विचारलं, "कायदा करतं कोण वो?"

ते म्हणाले, "कायदेमंडळात सभासद बसतात, मसुद्यावर वाद घालतात, मग राजेसाहेबांची सही होते."

"त्यांच्यात हंडा उचललेलं कुणी हाय का?"

वकीलसाहेब हसले. "नाही ना. म्हणून तर त्यांच्याकडून जे लिहायचं राहून जातं, ते न्यायाधीशांना निकालात ठरवावं लागतं. एकदा ठरलं की पुढच्या खटल्यात तोच निकाल वाचून दाखवतात." आमचं तसंच होतं. एकट्या शेतकऱ्याच्या वाटेबद्दल कायद्यात लिहिलेलं होतं, पण सगळ्या वाडीच्या पाण्याच्या वाटेबद्दल स्पष्ट काही नव्हतं.

आत सासूबाई न घाबरता बोलल्या. चाळीस वर्षं त्याच वाटेनं पाणी आणलं, म्हणाल्या. मग समोरचे वकील उठले.

"जुना मालक तुमच्या भावकीतला होता ना?"

"व्हय."

"त्यानं कधी अडवलं नाही?"

"न्हाई. देवमाणूस व्हता."

समोरचे वकील न्यायाधीशांकडे वळले. ही तर त्या मालकाची मेहेरबानी झाली, म्हणाले. हक्क असता तर गोष्ट वेगळी, पण मेहेरबानी मालकाबरोबर संपते. आमच्या वकिलांचा चेहरा पडला... त्यांनी मागे बघितलं, आणि दाराशी उभी असलेली मी त्यांना दिसले.

"ही कोण?"

"माझी सून. औंदाच लगीन झालं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी न्यायाधीशांची परवानगी घेऊन मलाच उभं केलं. गाठोडं कुठं ठेवावं तेही सुचेना, शेवटी सासूबाईंनी हातातून काढून घेतलं.

वकीलसाहेबांनी विचारलं, "पहिल्यांदा पाण्याला गेलीस, तेव्हा शेताच्या मालकाला विचारलं होतंस?"

"न्हाई."

"का नाही?"

"आत्याबायनी वाट दावली. त्येन्ला त्येंच्या सासूनं दावली व्हती. इचारून जायाचं आसतं, ह्ये कुनाला ठावंच न्हाई."

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. "पुन्हा सांगा," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, आणि त्यांनी ते सावकाश लिहून घेतलं.

महिन्यानं निकाल लागला. न्यायाधीशांनी वाचलं, की वाडीत येणाऱ्या प्रत्येक सुनेला सासू ही वाट दाखवते, त्यासाठी कुणी कुणाची परवानगी घेत नाही, म्हणून ही मेहेरबानी नसून वहिवाटीचा हक्क आहे. काट्या काढायचा हुकूम झाला.

माझं बोलणं, कोर्टाच्या भाषेत... परतीच्या मोटारीत मी अनोळखी माणसांनासुद्धा सांगत सुटले. एरवी सासूबाईंनी गप्प केलं असतं. त्या दिवशी माझं काही राहिलं की त्याच आठवण करून देत होत्या.

पुढच्या वर्षी दोन परक्या बाया विचारत विचारत वाडीत आल्या. त्यांच्या गावातही पाण्याची वाट अडवली होती. त्यांच्या वकिलानं आमचा निकाल कोर्टात वाचून दाखवला आणि त्या जिंकल्या. निकालातली सून कोण, ते बघायला आल्या होत्या.

मी त्यांना गूळपाणी दिलं. मग त्यांना ती वाट बघायची होती, म्हणून बांधावर घेऊन गेले. दोन पावलं जेमतेम मावतील एवढी ती वाट.

"येवडीच?" एकीनं विचारलं.

"येवडीच," मी म्हटलं, आणि आम्ही तिघी एकामागून एक झऱ्यापर्यंत गेलो.

त्या न्यायाधीशांचं नावही आता आठवत नाही... पण एका नव्या सुनेला पुन्हा विचारून त्यांनी तिचं म्हणणं नीट लिहून घेतलं, त्याबद्दल मी आजही त्यांचे आभार मानते.