सूपमध्ये बुडालेला अंगठा

नॉटिंगहॅमहून लंडनचा कोच (लांब पल्ल्याची बस) शनिवारी सकाळी सुटला, तेव्हा माझ्या मांडीवर सतराव्या शतकातल्या एका डच चित्राची रंगीत झेरॉक्स होती. सोमवारी लंडनच्या एका चित्रसंग्रहालयात त्याच चित्रासमोर उभं राहून मला वर्गाला दहा मिनिटं बोलायचं होतं. मागच्या सत्रात मी दोन वाक्यं बोलून गप्प झाले होते. माझ्या निबंधावर मार्गारेटबाईंनी (इथे शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून अजून 'बाई' सुटत नाही) लिहिलं होतं, 'हे सगळं चित्राशेजारच्या पाटीवर आहेच. तुला स्वतःला काय दिसलं?' या वेळीही जमलं नाही तर विषय राहणार होता आणि विषयाबरोबर शिष्यवृत्तीही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अशा वेळी काय करतात, हे विचारायला घरात कोणी नाही.

बाहेर विंचरल्यासारखी हिरवी शेतं होती आणि कोणीतरी मोजून ठेवल्यासारख्या मेंढ्या. झेरॉक्समध्ये मात्र नुसता तपकिरी चिखल दिसत होता.

बार्शीच्या आमच्या सरांच्या ओळखीने लंडनच्या एजवेअर भागात सुलभाकाकूंकडे उतरले. घर छान, उबदार. दारातच त्या म्हणाल्या, "शूज बाहेरच काढ हं, कार्पेट न्यू आहे." मग त्यांनी मला कार्पेट दाखवलं. मग चहा दिला.

रविवारी त्यांच्या मराठी मंडळाचं स्नेहभोजन होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये. साडेबाराला पानं मांडली गेली. पुऱ्या, मसालेभात, आमटी, श्रीखंड. सगळ्यांना बारापासूनच भूक लागली होती. तेवढ्यात अध्यक्ष उठले आणि 'आपली संस्कृती' या विषयावर बोलू लागले. संस्कृती टिकवण्यासाठी त्यांनी काय काय केलं, ते त्यांनी क्रमाने सांगितलं. पुऱ्या बसल्या. भात सुकला. श्रोते माना डोलवत होते आणि टेबलाखाली फोन बघत होते. पलीकडे एका माणसाने आपल्या लहान मुलीला पुरीचा तुकडा मोडून दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला.

काकू माझ्या कानाशी पुटपुटल्या, "बघ. काही लोकांना बेसिक मॅनर्सच नसतात."

मला आमटीकडे बघवेना. वर तेलाची साय धरली होती. मी कधी उठले आणि डावाने आमटी ढवळू लागले, मलाच कळलं नाही. पैठणी नेसलेल्या एक बाई म्हणाल्या, "तू केटररकडची का गं? आमच्या टेबलाला पापड आले नाहीत."

"नाही, नाही," मी डाव टाकलाच. "मी युनिव्हर्सिटीत आहे."

"आमची गेस्ट आहे ती!" काकू घाईने म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "बाय द वे, वडील काय करतात गं तुझे?"

"सरकारी नोकरीत आहेत," मी म्हणाले.

माझे अण्णा बार्शीला लग्नांमध्ये वाढपी आहेत. मी पाचवीत असल्यापासून सुट्टीत त्यांच्या मागे मिठाचं ताट घेऊन फिरले आहे. अध्यक्ष बोलत होते. मी जागेवर बसले आणि सगळ्यांसारखी मान डोलवली.

सोमवारी काकू म्हणाल्या, "मी पण येते. मला आर्टची खूप आवड आहे." नॉटिंगहॅमहून वर्ग आला होता. संग्रहालयात वयस्कर, निळा स्कार्फ घातलेल्या एक गाइडबाई होत्या. त्यांनी चित्रापाशी उभं राहून हात पसरले.

गावातल्या बारशाचं जेवण. लांब टेबलाभोवती वीसेक माणसं. एकाचे गाल फुगलेले, एकीच्या बाहीत लपवलेला केक, कोणाच्या तरी टोपीत कुत्र्याने तोंड घातलेलं. टेबलाच्या टोकाला काळ्या कपड्यांतला, पांढऱ्या चुणीदार कॉलरचा एक शहरी गृहस्थ उभा, एक हात छातीवर, दुसऱ्या हातात कागद.

"प्रार्थना संपायच्या आतच हे अडाणी गावकरी तुटून पडलेत," गाइडबाई हसत म्हणाल्या. "त्या काळी शहरातले सभ्य लोक अशी चित्रं जेवणघरात लावायचे. तोंडं तर बघा यांची!"

सगळे हसले. काकू सगळ्यांत जास्त हसल्या. पाटीवरही तेच लिहिलं होतं, जरा जड शब्दांत.

मग माझी पाळी आली. मी चित्रातल्या तोंडांकडे बघायचं टाळलं, म्हणून मला तो दिसला. गृहस्थामागे एक टकला म्हातारा नोकर, दोन्ही हातांत सूपचे दोन वाडगे. झेरॉक्समध्ये तो नुसता डाग होता. इथे त्याचा अंगठा स्पष्ट दिसत होता, पेरापर्यंत सूपमध्ये बुडालेला.

"सूप गार आहे," मी म्हणाले.

कोणीतरी खुदकन हसलं. मी पुढे म्हणाले, "वाफ रंगवलेली नाही. वर चरबी पांढरी धरली आहे. तो गृहस्थ फार वेळ बोलतो आहे. प्रार्थनेला इतका मोठा कागद लागतो का, मला माहीत नाही. गावकरी कंटाळून जेवायला लागले, एवढंच. थट्टा त्यांची नसावी, बोलणाऱ्याची असावी. कदाचित माझं चुकत असेल."

"थांब," मार्गारेटबाई म्हणाल्या. "चरबी मला दिसत नाही इतक्या लांबून. तुला इतकी खात्री कशावरून?"

काकू माझ्या शेजारीच उभ्या होत्या. कालची सरकारी नोकरीही तिथेच उभी होती.

"अंगठ्यावरून. गरम वाडगा धरताना वाढप्याचा अंगठा काठावर उचललेला असतो, आत गेला तर पोळतो. हा माणूस इतका वेळ उभा आहे की त्याचा हात भरून आलाय, आणि अंगठा आत गेल्याचं त्याला कळलंही नाही. माझे वडील लग्नांत वाढपी आहेत. मी हे पाहिलेलं आहे. पुढाऱ्यांची भाषणं चालू असतात तेव्हा."

मार्गारेटबाई इतक्या पुढे वाकल्या की संग्रहालयाची घंटा वाजली आणि पहारेकऱ्याने त्यांना मागे व्हायला सांगितलं. मागे होत त्या म्हणाल्या, "हे पाटीवर नाही."

गाइडबाईंनी स्कार्फ नीट केला. "इंटरेस्टिंग," त्या म्हणाल्या आणि पुढच्या चित्राकडे निघाल्या. तिथेही त्यांना गावकरीच हसायला मिळाले असावेत.

सगळ्यांत आधी काकूच माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, खोटं बोलल्याबद्दल रागावतील. त्यांनी माझा हात धरला.

"अगं, मग काल का नाही सांगितलंस? दिवाळीच्या प्रोग्रॅमला वाढायला आम्हाला कोणीच मिळत नाही!"

परत जाताना वर्गाच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. मनात त्या शहरी सभ्य लोकांचा विचार येत होता. चित्रकाराने त्यांचीच थट्टा रंगवली, त्यांनी ती आवडीने घेतली, जेवणघरात लावली, आणि तिच्याखाली बसून गावकऱ्यांना हसत जेवले. आजही तिच्यासमोर तेच लोक उभे राहतात. त्यांचं मला आश्चर्य नाही. कालच्या हॉलमध्ये डोलणारी एक मान माझी होती, तिची मात्र लाज वाटते.

मी अण्णांना फोन लावला. चित्र सांगितलं. सरकारी नोकरीचंही सांगितलं. ते म्हणाले, "सुपात अंगठा? आमच्या मुकादमानं हाकलला असता त्याला."

"हात भरून आला होता हो त्याचा, अण्णा. तो गृहस्थ बोलतोच आहे."

"किती येळ झाला बोलतोय?"

"साडेतीनशे वर्षं."

"मग गार हुणारच की," अण्णा म्हणाले. "त्या म्हाताऱ्याला म्हणावं, ठेव खाली आणि तूबी बस जेवायला."